होडीबाहेरचा पाय

माझे सासरे शब्दाचे पक्के होते, असं आमच्या जुव्यावरची म्हातारी माणसं अजून सांगतात. सांगताना माना डोलवतात. मला तेव्हा राग येतो. माना डोलवायला काय जातं? शब्दाचा पक्का माणूस ज्यांनी घरात सांभाळला त्यांना विचारा. त्यांतली मी एक, म्हणून सांगते.

जुवा म्हणजे खाडीतलं बेट. मालवणकडच्या खाड्यांत असे जुवे बरेच. आमच्यावर माड, थोडी भातशेती, देऊळ आणि दाटीने बसलेली घरं. पलीकडच्या काठापासून आम्हाला तोडणारा खाडीचा फाटा काही फार रुंद नव्हे. इकडून हाक मारली तर तिकडे ऐकू जाते, आणि तिकडे कुणी बांगडे तळत असलं तर वास इकडे येतो. पण भरती-ओहोटीला पाण्याची ओढ अशी की म्हैस वाहून जाईल, आणि पाणी उतरलं की कमरेइतका चिखल. चालत जायची सोय नाही, पोहत जायची हिंमत नाही. माणसं ने-आण करणारी एक होडी होती, तिला तर म्हणतात, आणि तिच्यावर एक तारी. तो नेईल तेव्हा जायचं आणि आणील तेव्हा यायचं.

मी सावंतवाडीकडची, मराठी सातवी पास. लग्न होऊन इथे आले तेव्हा नवरा मुंबईला गिरणीत होता, तो गणपतीला आणि शिमग्याला येणार. म्हणजे संसार सासू-सासऱ्यांबरोबरच. सासूबाई चारचौघींत मला "आमची मास्तरीण" म्हणायच्या आणि घरात आल्यावर, "मास्तरणी, भात करपलो गो!"

मामंजींचा धंदा नारळ, काथ्या आणि मंगळुरी कौलांचा. स्वतःचा पडाव होता, शिडाची मोठी मालवाहू होडी. पावसाळा सरला की माल भरून दक्षिणेला जायचे आणि येताना कौलं आणायचे. आयुष्यात त्यांनी कधी कुणाशी कागद केला नाही. बंदरावर उभं राहून हातावर हात मारला की सौदा झाला. "तोंडातसून गेला म्हणजे पडावात चढला," असं म्हणायचे. भाव कोसळो, पडाव गळो, बोललेला माल बोललेल्या दिवशी पोचायचा. लोक त्यांना टरकून असायचे आणि विश्वासही त्यांच्यावरच टाकायचे. प्रेम करायचे असं मात्र मी म्हणणार नाही. जुव्यावरचा प्रत्येक नारळ ज्याच्या हातून जातो त्याच्यावर कोण प्रेम करील?

सासूबाईंची तक्रार वेगळी होती. "माझो घोव म्हणजे देवाची पालखी," त्या म्हणायच्या. "वर्साक एकदा दारार येता. ओवाळूचा आणि पुढे धाडूचा."

मामंजींना पुढारीपण चिकटलं ते चिखलात. तेव्हा आमचा जुवा पलीकडच्या गावच्या पंचायतीत मोडायचा, आणि मतदान पलीकडच्या शाळेत. तारी एका खेपेला माणसं नेणार किती? मामंजी ऐटीत म्हणाले, "सगळी माझ्या पडावात बसा." बायका ठेवणीतली लुगडी नेसून बसल्या, म्हाताऱ्यांना उचलून बसवलं. खाडीचा तळ मामंजींना पाठ होता. पण तो भरलेल्या मालासकट पाठ होता. कौलं जिथे ठेवाल तिथे बसतात, माणसं बसत नाहीत. शाळेचं छप्पर दिसल्याबरोबर सगळी एका अंगाला धावली, पडाव कलला, वाळूत रुतला, आणि बघता बघता ओहोटी लागली.

सगळी दुपार आम्ही तिथेच. समोर शाळा, दारात शिपाई, आत-बाहेर करणारी माणसं, सगळं दिसत होतं. पलीकडच्या काठावरून टवाळ पोरं ओरडत होती, "ओ जुवेकरानु, मता फेकून मारा रे!" संध्याकाळी शिपायाने शाळेचं दार ओढून घेतलं, तेही आम्ही बघितलं.

सासूबाई हसून हसून बेजार झाल्या होत्या. मला कोपरखळी मारून म्हणाल्या, "बरा झाला गो. एक दीस तरी घोवाच्या पडावात बसाक गावला." मामंजी सुकाणूपाशी उभे होते. त्यांना हसू आलं नाही. काठाकडे बघत, कुणाला उद्देशून नाही, असं ते म्हणाले, "फुडच्या खेपेक मतांची पेटी जुव्यार येतली." झालं. शब्द पडावात चढला.

त्या एका वाक्यापायी धोतरावर कोट चढवून ते कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवू लागले. मालवण, रत्नागिरी, परत मालवण. काही वर्षं गेली. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराला आमच्या जुव्याची वेगळी पंचायत झाली, आणि मामंजी पहिले सरपंच. विरोधात कुणी उभं राहिलं नाही. मतांची पेटी जुव्यावर आली ती रिकामीच परत गेली.

आता लोकांची भूक वाढली. पंचायत आणली, तसा साकवही आणील, असं जो तो म्हणू लागला. अरुंद फाट्यावर जांभ्याचे खांब आणि वर फळ्या, एवढंच मागणं. मामंजी म्हणायचे, "बघूया. खटपट करतंय." व्यापारी माणूस. न मिळालेल्या मालाचा सौदा करत नसे.

पण आमच्याकडे देवासमोर बोलतो तो घाडी. जत्रेच्या दिवशी सगळा गाव देवळात जमतो आणि घाडी गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो. त्याचं एकेक वाक्य संपलं की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" लहानपणापासून तोंडाला इतकं बसलेलं असतं की अर्थ पोचायच्या आधी होकार जातो. घाडी काय म्हणतो ते निम्म्या लोकांना विचारलं तर सांगता येणार नाही.

आमचा घाडी चांगला माणूस. आवाज खणखणीत, आणि बोलायला लागला की भान नाही. त्या वर्षी मामंजी सरपंच म्हणून पुढे उभे होते, खांद्यावर नवं उपरणं. पोरांना सुखी ठेव, मुंबईवाल्यांना सांभाळ, शेताभातावरची नजर काढ, असं सगळं झालं. प्रत्येकाला व्हय म्हाराजा. मग घाडी रंगात आला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो लेकरू गावाचो फुडारी होवन तुझ्या पायाकडे उभो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जुव्याक साकव बांधून देवची जबाबदारी त्येणां आपल्या शिरार घेतलेली आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि साकव होयसर तो होडयेत म्हणान पाय घालूचो नाय!"

साकव होईपर्यंत होडीत पाय घालणार नाही, हे कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. घाडयाच्या तोंडून ओघात गेलं. मी बायकांत सासूबाईंच्या शेजारी होते. मला वाक्य कळलं. त्याच क्षणी माझ्या कानाशी सासूबाईंचा आवाज फुटला, सगळ्यांच्या वर, ढोल वाजावा तसा, "व्हय म्हाराजा!" मी दचकून बघितलं. त्यांचे डोळे चमकत होते. सवयीने गेलेला तो होकार नव्हता. त्यांनी ऐकून, समजून म्हटलं होतं.

मामंजींनी तोंड उघडलं. ते क्षणभर तसंच राहिलं. मग त्यांनीही म्हटलं.

घरी आलो. मी ताट वाढताना विचारलं, "आता पडावाचा कसा?" ते म्हणाले, "तांडेल जायत." पुढचे दोन घास गिळले आणि उठले. दुसऱ्या आठवड्यात भरलेला पडाव तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी, त्यांच्याशिवाय घेऊन गेला. ते धक्क्यावर उभे राहिले, शीड दिसेनासं झाल्यावर घरी आले आणि पडवीत बसले. मोठा देह, कुठे ठेवावा ते कळत नसल्यासारखे बसले होते.

तिथून आमच्या घराला नजर लागली असं मी म्हणते. वाईट नजर नव्हे, नुसती नजर. मामंजी धक्क्यावर गेले की लोक त्यांच्या पायांकडे बघायचे. तारी होडी टेकवून मुद्दाम म्हणायचा, "येतास काय सरपंचानु? जागा आसा." साकव झाला तर त्याचं पोट जाणार होतं, त्यामुळे त्याच्या थट्टेला धार असे. मामंजी नुसते हसायचे. पोरांनी खेळ काढला होता, वाळूत होडीची रेघ मारायची आणि तिच्यावर पाय पडला तो 'सरपंच' मेला. मी एकदा त्यांना हाकललं, तर एक कार्टं म्हणालं, "खेळताव गे नुसते." नुसते खेळत होते खरे, पण मला त्या रेघेची भीती वाटायला लागली होती.

घाडी एकदा ओशाळून घरी आला. म्हणाला, "माझ्या तोंडातसून ज्यास्ती गेला. देवाक कौल लावूया, तुमका मोकळा करूया." त्यात काही कठीण नव्हतं. देवाच्या अंगावर फुलं लावून कौल मागायचा, उजवं फूल आधी पडलं की सुटका. मामंजींनी सुपारी कातरता कातरता मान हलवली. "तुमी बोल्लास ता खरा. पण 'व्हय' मी म्हटलंय. सौदो झालो." आणि घाडी गेल्यावर मला म्हणाले, "आज हो शब्द फिरवलंय तर उद्या साकवाचो शब्द कोण खरो मानतलो?" तेव्हा मला ते पटलं होतं, म्हणजे तसा मुद्दा बिनतोड होता. बिनतोड मुद्द्यांनी घरं बसतात हे मला नंतर कळलं.

साकवासाठी कचेरीत जायचं कुणी? पुढाऱ्याला बेट सोडता येत नाही. तर मी. डोक्यावर पदर, हातात अर्ज, आणि तारीच्या होडीत त्याचे टोमणे. मालवणच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "सरपंच स्वतः का आले नाहीत?"

"त्यांना होडीत बसता येत नाही."

"आजारी आहेत का?"

"नाही. साकव होईपर्यंत बसणार नाही, असा देवाला शब्द दिलाय."

सगळी कचेरी हसली. कारकून पेन खाली ठेवून हसले. साहेब म्हणाले, "मग बाई, पूल देवाकडेच मागा ना."

"त्याच्याकडे मागून झालं," मी म्हटलं. "त्यानं तुमचं नाव सांगितलं."

हसणं थांबलं. पण बाहेर पडल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं. त्या हसण्याचं मी घरी सांगितलं नाही. मोजणीवाले आले, लाल निशाणं रोवून गेले, ती निशाणं पुढच्या पावसात वाहून गेली. परत मी, परत होडी, परत कचेरी.

आणि घरात काय चाललं होतं म्हणाल, तर सुख. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. सासूबाईंचा नवरा म्हातारपणी त्यांना मिळाला होता. पडाव पुढे तांडेलालाच देऊन टाकला होता. मामंजी परसात माडांना आळी करायचे, विळीवर बसून नारळ खवायचे, बोट कापून घ्यायचे. सासूबाई ओरडायच्या, "पडाव हाकूक येता आणि नारळ खवूक येणा नाय!" संध्याकाळी दोघं पडवीत बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारायची. मी ऐकलेल्या त्यांच्या पहिल्या गप्पा. मामंजी त्यांना दक्षिणेकडची बंदरं सांगायचे आणि त्या म्हणायच्या, "माका कित्याक सांगतास, मी काय होडी घेवन जातंय थंय?" पण ऐकत बसायच्या.

मला मात्र सतत वाटायचं, हे सुख त्या एका वाक्यावर टेकलेलं आहे, आणि कधीतरी कुणालातरी घाईने पलीकडे जावं लागेल. वाटायचं ते माझ्या नवऱ्याबद्दल. मुंबईहून तार आली तर मामंजी काय करतील, याचा मी विचार करायचे. चुकीच्या दिशेला बघत होते.

त्या आषाढात सासूबाईंचं जेवण कमी झालं. विचारलं तर म्हणायच्या, "पित्त." कण्हायच्या नाहीत, पण चुलीपुढून उठताना पोट दाबून धरायच्या. एक दिवस सकाळी त्या उठल्याच नाहीत. अंग तापलेलं, पोट फळीसारखं कडक. गावातल्या वैदूने हात लावला आणि मागे घेतला. म्हणाला, "मालवणच्या दवाखान्यात. आत्ताच."

बांबूला घोंगडीची झोळी बांधली. पुढचं टोक मामंजींनी स्वतः खांद्यावर घेतलं. पाऊस थांबून थांबून लागत होता. धक्क्यावर पोचलो तर सगळा जुवा आधीच तिथे. इरली, खोळी, फाटक्या छत्र्या. खाडी लाल झाली होती, वरून आलेल्या लोंढ्याने. तारीने होडी धरून ठेवली होती आणि तो पाण्याकडे बघत होता. म्हणाला, "भरती भरली. फिरली काय होडी सरळ दर्यात जायत. बेगीन बसा."

मामंजी गुडघाभर पाण्यात उतरले. त्यांनी सासूबाईंना उचलून होडीत ठेवलं. मी आत बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मामंजींचा एक हात होडीच्या काठावर, दुसरा सासूबाईंच्या हातात.

मी म्हटलं, "मामंजी, बसा."

ते माझ्याकडे बघेनात. त्यांनी मान वळवून काठावरच्या माणसांकडे बघितलं. माणसं त्यांच्याकडे बघत होती. एकदा याच्या, एकदा त्याच्या तोंडावरून त्यांची नजर फिरली. मला ती नजर कळली. त्यांना कुणीतरी 'जा' म्हणायला हवं होतं.

कुणी म्हटलं नाही. माझा तोल सुटला. सून म्हणून जे बोलू नये ते मी बोलले. पुढे उभ्या असलेल्या घाडयाला ओरडून म्हटलं, "तुमीच बांदलास, तुमीच सोडवा! घाला गाऱ्हाणा! हंयसूनय देवाक ऐकाक जाता!"

घाडयाने हात जोडले. ओठ हलले. मग तो मामंजींकडे बघून म्हणाला, "त्येंनी माका सांगूक होया, बाय. त्येंनी नुसती मान हलवल्यानी तरी घालतंय."

मामंजींनी मान हलवली नाही. हात होडीवरून काढलाही नाही. पाण्यात त्यांचा एक पाय उचलला गेलेला मी बघितला. तो होडीच्या अंगाला लागला आणि तिथेच थांबला.

तेव्हा सासूबाईंनी डोळे उघडले. आवाज इतका बारीक की मी वाकले. त्या मला नव्हे, त्यांना म्हणत होत्या, "तुमी रवा. लोका बघतत."

मामंजींनी पाय खाली घेतला. हात सोडला. तारीने वल्हं मारलं.

मध्यावर आल्यावर ओढीशी झगडताना तारी रडायला लागला. ज्याने वर्षानुवर्षं टोमणे मारले तोच. वल्ह्यागणिक शिव्या देत होता, कुणाला ते कळत नव्हतं. "बसलो आसतो तर कोण मेलो अडवीत होतो त्येका? मी अडवतंय? बसाक होया होता! आमी सगळे म्हणत होतो मनातसून, बस रे बस!" मी मागे वळून बघितलं. ते तसेच पाण्यात उभे होते आणि त्यांच्यामागे सगळा गाव. ते गावाची वाट बघत राहिले आणि गाव त्यांची.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पोटात फुटलंय. इतके दिवस काय करत होता?" सासूबाई शुद्धीवर होत्या. डॉक्टर गेल्यावर मी त्यांना विचारलं, "आये, आधी कित्याक सांगलास नाय?" त्या म्हणाल्या, "सांगलंय आसतंय तर त्येंका होडयेत बसाक लागला आसता." थोड्या वेळाने म्हणाल्या, "नायतर बसले नसते. ता पण बघूचा नव्हता माका."

तारी रोज निरोप घेऊन जायचा आणि रोज परत येऊन मान हलवायचा. मामंजी प्रत्येक भरतीला धक्क्यावर येतात आणि भरती फिरली की घरी जातात, एवढंच सांगायचा. सासूबाईंना दवाखान्याच्या खिडकीतून खाडी दिसत नव्हती. तरी पाणी भरायची वेळ त्यांना कळायची. त्या वेळेला त्या दाराकडे तोंड करून पडायच्या. नवऱ्याला मुंबईला तार केली होती. तो पोचायच्या आत त्या गेल्या.

तारीच्याच होडीतून त्यांना परत आणलं. धक्का जवळ आला तसा पुन्हा तोच गाव, तीच छत्र्यांची गर्दी. या वेळी मामंजी कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभे होते. होडी त्यांच्या छातीला टेकली. त्यांनी ओणवं होऊन दोन्ही हात आत घातले आणि सासूबाईंना उचललं. चार माणसं मदतीला धावली, त्यांना त्यांनी हात लावू दिला नाही. पाय होडीबाहेरच होता. माझ्या मागे कुणीतरी म्हातारी पुटपुटली, "काय माणूस गो! काय शब्द!" मी तिच्याकडे असं बघितलं की ती मागे सरली.

पुढच्या जत्रेत घाडयाने कुणाला न विचारता गाऱ्हाण्यात घातलं, आमच्या पुढाऱ्याचा शब्द फिटला, त्याला मोकळा कर. सगळा गाव ओरडला, "व्हय म्हाराजा!" इतक्या मोठ्याने की कावळे उडाले. मामंजी पुढेच उभे होते. त्यांनी तो होकार दिला नाही आणि त्यानंतरही होडीत पाय घातला नाही.

मी त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलत असे. जेवायला वाढायचे, औषध द्यायचे, अर्ज लिहायचे. हो, कचेरीत मी जातच राहिले. ज्या गोष्टीपायी सासूबाई गेल्या ती तरी उभी राहू दे, असा मला हट्टच चढला होता. आता कचेरीत कुणी हसत नव्हतं. आमची हकिगत पसरली होती, आणि शेवटी साकव मंजूर झाला त्यात तिचा वाटा होता, असं तिथलाच एक कारकून मला म्हणाला.

साकव झाला. जांभ्याचे खांब आणि वर फळ्या, मागितला होता तसाच. साहेब आले, फीत कापली, नारळ फुटला. लोकांनी मामंजींना हार घातले आणि तेव्हाच पहिल्यांदा मला वाटलं, लोक त्यांच्यावर आता खरंच प्रेम करतात. मला त्याचीही चीड आली. तारीही आला होता. त्याची होडी काठावर पालथी पडली होती. त्याने मामंजींचे पाय धरले आणि गेला.

सगळे पांगल्यावर मामंजी मला म्हणाले, "सूनबाय, माझ्यावांगडा येतंस?" आम्ही दोघं साकवावरून निघालो. फळ्या नव्या होत्या, करकरत होत्या. मध्यावर आल्यावर ते थांबले. खाली भरती लागत होती.

मी विचारायचं नाही असं ठरवलेलं विचारलं. "त्या दिसा देवळात तुमका ऐकाक इल्ला ना, घाडी काय म्हणता ता?"

"सगळा ऐकलंय."

"मगे 'नाय' कित्याक म्हटलास नाय?"

ते पाण्याकडे बघत म्हणाले,

"नाय म्हणाकच तोंड उघडला होता. तेवड्यात बायलांच्यातसून तिचो आवाज इलो. सगळ्यांच्या वर. आख्खो जल्म मी पाण्यार. तिणा माझ्याकडे कदी काय मागला नाय. माका वाटला, हिका मी घरात होयो. म्हणान मी पण 'व्हय' म्हटलंय."

इतकी वर्षं धरून ठेवलेला राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मी कठड्याला धरून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग तो काढून घेतला.

"चला मामंजी," मी म्हटलं, "पलीकडे जावया."

"आता पलीकडे काय आसा?" ते म्हणाले, आणि वळून घराकडे चालू लागले.